तहानलेल्या ज्वारीची भूक

(समितीच्या वार्षिक सभेत सोलापूर येथे केलेले भाषण. देणगीदारांच्या इच्छेवरून अहवालात छापले आहे.)



समितीच्या जमाखर्चाचा तक्ता आपल्या हाती आहे; तो वाचून दाखवून आपला वेळ घेण्याचा आमचा इरादा नाही. परंतु त्यांतील काही कलमांविषयी आपणांपैकी कित्येकांनी समितीस पत्रे लिहिली आहेत, आणि ती इतकी रोखठोक आहेत की त्यांस तितकेच रोखठोक उत्तर देणे समितीस भाग आहे. अन्नधान्याकरिता दिलेला पैसा बैलांच्या वैरणीवर व कोळपणीच्या मजुरीवर का खर्ची पडला, असे एक पत्र विचारते. एका उदार व्यापारी गृहस्थांनी डिसेंबरात धाडलेली युरियाची पोती शेतकऱ्यांस न वाटता गुदामात का ठेविली, असे दुसरे विचारते. तिसरे पत्र समितीच्या चाऱ्याच्या डेपोवर दगावलेल्या जनावरांविषयी आहे. त्याचे उत्तर देताना आमची मान खाली जाते. परंतु ते दिल्यावाचून आपल्यापुढे पुन्हा हात पसरण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही.

आमचा धंदा कायद्याचा. पिकांच्या शास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न योग्यच आहे. साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, ते ताडून पाहावे आणि मग न्यायासनापुढे सोप्या शब्दांत मांडावे, एवढेच आम्हांस येते. येथे साक्षीदार म्हणजे ज्वारीचे ताट.

२०२३ चा ऑगस्ट महिना हिंदुस्थानात १९०१ पासूनच्या सर्व ऑगस्टांत कोरडा ठरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबराच्या अखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, व त्यांत आपल्या जिल्ह्यातील बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा व माढा हे पाच होते. हे आपणांस ठाऊकच आहे. आपणांपैकी जे जमीनदार आहेत त्यांस हेही ठाऊक आहे की आपली मुख्य ज्वारी रब्बीची. ती पावसावर वाढत नाही. पाऊस संपत आला म्हणजे ती पेरली जाते आणि पुढे चार महिने जमिनीने साठवून ठेविलेल्या ओलीवर जगते. मीटरभराहून खोल अशा काळ्या जमिनीत पिकाच्या उपयोगी पडेल असे सुमारे १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. जमीन उथळ असली की तेही नाही. व्यापारी गृहस्थांच्या भाषेत बोलावयाचे तर हे पीक आवक बंद झालेली पेढी आहे. जे काही मुद्दल आहे ते पेरणीच्या दिवशीच तिजोरीत आहे; पुढे केवळ खर्च.

आता हा खर्च कसा होतो ते पाहू. मुळे पाणी शोषितात, ते ताटातून वर चढते व पानांतून हवेत उडून जाते. इंग्लंडातील स्टीफन हेल्स याने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात झाडांच्या पानांतून दिवसाकाठी किती पाणी उडते हे वजन करून दाखविले होते. पाणी वर चढते कसे, याचा उलगडा १८९४ साली डब्लिन येथील डिक्सन व जॉली या दोघांनी केला. पाण्याचे कण एकमेकांस इतके घट्ट धरून असतात की, पानातून वर एक कण उडाला म्हणजे खालचा ओढला जातो. ही ओढ एका अखंड धाग्याप्रमाणे पानापासून मुळापर्यंत, आणि मुळापासून मातीच्या कणापर्यंत पोहोचते. झाडात पंप नाही, हृदय नाही. सूर्याची उष्णता व हवेचा कोरडेपणा हेच ओढणारे. शोषलेल्या पाण्याच्या शंभर भागांपैकी पंचाण्णवाहून अधिक असे उडूनच जाते, झाडाच्या अंगी लागते ते अगदी थोडे. अमेरिकेतील ब्रिग्ज व शांट्झ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केलेल्या मोजणीत एक किलो कोरडा माल तयार करण्यास ज्वारीस सुमारे ३२२ किलो पाणी लागले, गव्हास ५०० हून अधिक. ज्वारी काटकसरी खरी, परंतु काटकसरी घरासही खर्च असतोच.

जमीन कोरडी होऊ लागली म्हणजे मातीचे कण उरलेले पाणी अधिकाधिक घट्ट धरून बसतात आणि धाग्यावरील ताण वाढतो. ताण फार वाढला तर धागा तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो व ती नळी निकामी होते. हे टाळण्याकरिता झाड पानांवरील बारीक तोंडे, ज्यांस पर्णरंध्रे म्हणतात, ती मिटून घेते. कोरड्या मातीत सापडलेल्या मुळांकडून पानांस तसा इशाराही जातो. ॲब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य या कामी येते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळले. परंतु ज्या तोंडांतून पाणी बाहेर जाते त्याच तोंडांतून कर्बवायू आत येतो, व त्यापासूनच पान साखर बनविते. चोराच्या भीतीने दुकानाची फळी लावली तर गिऱ्हाईकही बाहेरच राहते. पाणी वाचते, पण कमाई थांबते.

येथवर झाली तहानेची गोष्ट. भुकेची गोष्ट याहून कमी लोकांस ठाऊक आहे, आणि युरियाच्या पोत्यांचा प्रश्न तीतच आहे.

जमिनीत नत्र, स्फुरद व पालाश कितीही असोत, ते कोरडे असता झाडाच्या काहीच कामाचे नाहीत. मूळ माती खात नाही. मातीतील पाण्यात जे विरघळले असेल तेवढेच ते घेते. यांतही भेद आहे. नत्राचा मोठा भाग पाण्याबरोबर, मालगाडीतील मालाप्रमाणे, मुळापर्यंत वाहत येतो. स्फुरद तसा वाहत नाही. तो मातीच्या कणांस चिकटून असतो आणि कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यातून दिवसाकाठी मिलिमीटरचा काही अंश सरकतो. तो मुळाकडे येण्याची वाट पाहण्यापेक्षा मुळानेच त्याच्याकडे गेले पाहिजे. पापुद्रा सुकून तुटक झाला की तेही सरकणे थांबते, आणि वरची माती वाळून टणक झाली की मुळाचे पुढे जाणेही थांबते.

आमच्या खेड्यापाड्यांतील फेऱ्यांत एका शेतकऱ्याने आम्हांस ज्वारीचे एक ताट मुळांसकट खणून दाखविले. वरची वीतभर माती पिठासारखी कोरडी, तीत मुळ्या सुकलेल्या. खाली कमरेइतक्या खोलीवर हात घातला तर गार ओल, व तेथे जिवंत पांढऱ्या मुळ्या. ताट उभे होते ते या खालच्या ओलीवर. परंतु पिढ्यान्‌पिढ्या घातलेले शेणखत, गळलेला पाला, स्फुरदाचा सारा साठा, हे सर्व वरच्या वीतभर मातीत. पाणी तळघरात आणि कोठार माळ्यावर, व मधला जिना मोडलेला! पिकास पाणी पुरे होते तेवढ्या काळातही ते उपाशी होते, हे त्या खड्ड्याच्या काठी उभे राहिल्यावर आम्हांस उमगले. या जिन्याची थोडीफार दुरुस्ती झाड स्वतःच करू पाहते. रात्री रंध्रे मिटलेली असता खालच्या मुळांनी घेतलेले पाणी वरच्या कोरड्या मातीत किंचित पाझरते, आणि सकाळी वरच्या मुळ्या त्या ओलीसह थोडे अन्न उचलितात. ज्वारीच्या मुळांतही असे उलटे वाहणे आढळून आले आहे. ही मात्र गरीब घरातील उसनवारी होय. तिच्यावर संसार चालत नाही.

आता युरियाची पोती डिसेंबरात वाटून शेतकऱ्याने ती वाळलेल्या जमिनीवर फेकली असती तर काय झाले असते? पाऊस नाही, वरच्या थरात ओल नाही, तेव्हा ते खत मुळापर्यंत गेलेच नसते. काही भाग वायुरूपाने उडाला असता, राहिलेला तेथेच पडून राहिला असता. देणाऱ्या गृहस्थांच्या औदार्याविषयी समितीस तिळमात्र शंका नाही. कोरडवाहू ज्वारीचे खत द्यावयाचे ते पेरतेवेळीच, दोन चाड्यांच्या पाभरीने, बियाण्यासोबत ओलीत पेरून. म्हणून ती पोती पुढील पेरणीसाठी राखून ठेविली आहेत.

कोळपणीच्या कलमाचे उत्तर याच खड्ड्यात आहे. काळी जमीन वाळताना आकसते व तिला भेगा पडतात. त्या भेगांत बारीक मुळ्या ताणून तुटतात, आणि खालची ओल उघड्या दारातून जावी तशी भेगांच्या तोंडांतून उडून जाते. म्हणजे मुद्दलाचा काही भाग झाडाच्या हाती न लागताच नाहीसा होतो. आपल्याकडील शेतकरी तीन आठवड्यांनी फटीचे, पाच आठवड्यांनी पासेचे व आठ आठवड्यांनी दातेरी कोळपे चालवितो. शेवटची पाळी विशेषेकरून भेगा बुजविण्याकरिता असते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे जे म्हणतात ते उगाच नव्हे. परंतु कोळप्यास बैल पाहिजेत, आणि दुष्काळात कुणबी पहिल्याने विकतो तो बैल. सप्टेंबरातील पावसाने ज्या शेतांत पेरणीपुरती ओल दिली होती, तेथे तिसरी कोळपणी चुकली असती तर उभे पीक हातचे गेले असते. जेथे बैल अजून दावणीस होता तेथे त्यास वैरण, आणि जेथे तो विकला गेला होता तेथे भाड्याची जोडी, असा खर्च समितीने केला. त्याच पैशांत आणलेले धान्य त्या घरास थोडे दिवस पुरले असते. समितीपुढे हा निवड करण्याचा प्रश्न होता, व निवड करताना काही घरांस धान्य उशिरा पोहोचले, हे आम्ही लपवीत नाही. ज्या घरी शेत नाही त्या घराच्या दृष्टीने ही निवड अन्यायाची होती, आणि तसे एका मजूर बाईने आम्हांस तोंडावर ऐकविले. तिचे म्हणणे आम्हांस खोडून काढता आले नाही. यापुढे भूमिहीनांच्या धान्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा असा ठराव आजच्या सभेपुढे आहे तो त्यावरूनच.

आता तिसरे पत्र. ऑगस्ट कोरडा गेला तेव्हा चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुंटली. सप्टेंबरात काही गृहस्थांनी ती हिरवीच कापून समितीच्या डेपोस गाड्या भरून पाठविली, व हिरवा चारा पाहून आम्हांस इतका आनंद झाला की आम्ही ती त्याच दिवशी जनावरांपुढे टाकली. थोड्याच वेळात काही जनावरे धापा टाकू लागली, थरथरली, खाली बसली. पशुवैद्य येईपर्यंत त्यांतील काही गेली. यालाच आपल्याकडे किरळ लागणे म्हणतात, आणि म्हातारा गुराखीही जे जाणतो ते समितीच्या सुशिक्षित मंडळींस आठवले नाही. कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असते, ते चघळले गेले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष सुटते. खुंटलेल्या कोवळ्या ताटांत हे द्रव्य पुष्कळ राहते. ताट वाढून फुलोऱ्यास गेले म्हणजे ते कमी होते. कापलेल्या बुडख्यातून पावसानंतर फुटणारे कोंबही तितकेच घातक. चारा पसरून चांगला वाळविला तर हे विष बरेचसे उडून जाते. परंतु दुसरी एक बाधा आहे ती वाळवून जात नाही. मुळांनी नत्र घ्यावा आणि पानांत साखर बनत नसल्यामुळे त्याचे सत्त्वांश बनू नयेत, अशी गाठ पडली म्हणजे तो नत्र कच्च्या रूपात ताटाच्या बुडाशी साचतो. असा चारा एकदम पोटभर घातला तर त्यानेही जनावर जाते. थोडे ऊन लागेपर्यंत वाट पाहिली असती, बुडखे छाटले असते, कडब्यात मिसळून थोडथोडे घातले असते, तर त्या मालकांवर तो प्रसंग आला नसता. ज्यांची जनावरे गेली त्यांस समितीने भरपाई दिली आहे, व ती रक्कम कार्यकारी मंडळाच्या सभासदांनी आपल्या खिशातून भरली आहे. देणगीच्या पैशांस तीत हात लाविलेला नाही.

आणखी एका गोष्टीविषयी, वकील या नात्याने, थोडे बोलतो. दुष्काळ कोणत्या गावी आहे हे ठरविण्याची जुनी रीत म्हणजे उभ्या पिकाची आणेवारी. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सत्याग्रह झाला त्याचे मूळ त्यातच होते. पीक चार आण्यांहून कमी असेल तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब करण्याचा नियम होता. रयत म्हणे पीक त्याहून कमी, अंमलदार म्हणत अधिक. २०१६ साली केंद्र सरकारने दुष्काळ ठरविण्याची नवी नियमपुस्तिका काढली, तीत पर्जन्यमान, जमिनीतील ओल व उपग्रहातून दिसणारी हिरवाई यांस स्थान दिले. ही सुधारणा होय यात शंका नाही. परंतु हिरवाई म्हणजे दाणा नव्हे, आणि याचे कारणही पाणी व अन्न यांच्या चालीतच आहे.

ज्वारी पोटरीत असताना व फुलोऱ्यात असताना पाण्याची ओढ बसली तर परागच निकामी होतात व कणीस पोचट राहते. त्या ताटास भरावयाला दाणाच उरत नाही. पानांनी बनविलेली साखर ताटातच राहते, आणि ते पीक हिरवेगार, रसाळ दिसते. उलट ज्या ताटास दाणे धरले व मग पाणी संपले, ते आपल्या पानांतील नत्र व ताटातील साखर काढून कणसाकडे पाठविते. जुन्या पानांवर पिवळेपणा येतो, ती गळतात, ताट पोकळ होते; अशा दुबळ्या ताटात बुरशी शिरून ते आतून काळे पडते व लोळते, ज्यास शेतकरी खडखड्या म्हणतो. मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकात याच जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडण्यात आला, आणि तो आजवर टिकला तो या ओढाताणीत दाणा व कडबा या दोहोंचा मेळ राखतो म्हणून. तेव्हा रस्त्यावरून, किंवा आकाशातून, पाहणाऱ्यास जे शेत भरलेले वाटते ते रिकामे असू शकते, आणि वाळलेल्या शेताने घरात चार पायल्या टाकलेल्या असू शकतात. समितीच्या स्वयंसेवकांनी म्हणून यादी करताना कणसे हातात घेऊन, चोळून, दाणे वजन करून नोंद केली. काम फार संथ झाले, आणि आपणांपैकी काहींनी त्या संथपणाबद्दल बोलही लाविला. तो बोल आम्ही स्वीकारतो, रीत मात्र सोडणार नाही. ज्या गावांची शेते हिरवी होती म्हणून कोणीच तिकडे फिरकले नव्हते अशी गावे याच रीतीने आमच्या यादीत आली.

आता मागणे. येत्या पावसाळ्यापूर्वी रब्बीच्या उघड्या शेतांत वाफे बांधून घ्यावयाचे आहेत, म्हणजे जून ते सप्टेंबर पडणारा पाऊस वाहून न जाता जेथल्या तेथे मुरेल व पेरणीच्या दिवशी तिजोरीत अधिक मुद्दल असेल. हे काम मजुरीचे आहे, आणि मजुरी भूमिहीन कुटुंबांसच द्यावयाची असे ठरले आहे. ज्यांच्या विहिरीस पाणी आहे अशा जमीनदार गृहस्थांस विनंती की, शेजाऱ्याची ज्वारी पोटरीत येईल तेव्हा तिला एक पाणी द्यावे. एकच पाणी देणे शक्य असेल तर ते त्या वेळी. धान्यासाठी द्यावयाची देणगी पावतीवर तसे लिहवून घ्यावी, ती वेगळ्या खात्यात जमा होईल. खत देणाऱ्यांनी ते ऑगस्टअखेर द्यावे. चारा देणाऱ्यांनी वाळलेला कडबा द्यावा. हिरवी, खुंटलेली ज्वारी कोणी पाठविल्यास डेपोवर ती उतरून घेऊन आधी उन्हात पसरली जाईल आणि गाडीवानास तशी लेखी पोच मिळेल. वाफ्यांचे काम मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावयाचे आहे, व त्यापूर्वी ज्या गावांची यादी पुरी झाली ती गावे अहवालाच्या अखेरीस छापली आहेत.